निरोगी म्हणून घेतलेले पाचशे रुपये

पोळा झाल्यावरचा तिसरा दिवस, गुरुवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. रक्कम पाचशे रुपये, शंभराच्या पाच नोटा. हजर माणसं चार: हिंगोलीचे मनोविकारांचे डॉक्टर, मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयातून आलेली संशोधनाची मुलगी, माझी बायको आणि मी. पैसे मुलीनं दिले, मी मोजून घेतले. पावतीवर छापलं होतं, ‘निरोगी स्वयंसेवक, पहिली भेट, प्रवास व बुडालेली मजुरी’. मी ती दोनदा वाचली आणि सही केली. दोनदा वाचूनही त्यातला चुकीचा शब्द माझ्या लक्षात आला नाही.

मी बावीस वर्षं बाजार समितीच्या यार्डात हळदीच्या काट्यावर आहे. पोतं ठेवलं की आकडा वाचायचा, मोठ्यानं सांगायचा, पट्टीवर, म्हणजे हिशोबाच्या चिठ्ठीवर, लिहायचा. विकणारा आणि घेणारा दोघंही कान देऊन उभे असतात. काट्यावर ‘साधारण’ असं काही नसतं. ही सवय घरातही आली. बायको म्हणायची, “तुमाला भाकर किती वाढू विचारलं तर तुमी ग्रॅमात सांगसाल.”

म्हणायची, असं लिहिलं, कारण तिचं असं बोलणं तीन वर्षांपूर्वी थांबलं.

आम्ही आखाडा बाळापूरला राहतो. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, रविवारी फोन करतो. बायको शाळांच्या भिंती रंगवायची. जिल्हा परिषदेच्या शाळांवर बाराखडी, पाढे, नकाशे काढलेले असतात, त्यांना बोलक्या भिंती म्हणतात. आमच्या भागात हे काम पुरुष पेंटर करतात, बाई ती एकटीच. सुटीच्या दिवशी आम्ही दोघं निघायचो. चौकटी आखायचं काम माझं. गेरूत भिजवलेला दोरा भिंतीवर ताणून धरायचा, मधोमध ओढून सोडायचा, की सरळ लाल रेघ उठते. मी दोरा सोडायचो आणि ती लांब उभी राहून “बराबर” म्हणायची. अशा एकतीस शाळा झाल्या. औंढा नागनाथच्या पुढच्या एका शाळेत तिनं माणसाचा मेंदू काढला होता, गुलाबी आणि पिवळ्या रंगात. हेडमास्तर म्हणाले, “ताई, ही फूलकोबी वाटून राहिली.” ती ब्रश न थांबवता म्हणाली, “सर, तुमी आतलं पाह्यलं का? न्हाई ना? मंग राहू द्या.”

बत्तिसावी शाळा कनेरगाव नाक्याजवळची. तिथं सूर्यमाला काढायची होती. मी नऊ वर्तुळं आखून दिली. सूर्य धरून नऊ होतात. सकाळपासून चार वाजेपर्यंत ती ब्रश हातात धरून भिंतीसमोर बसून होती. भिंतीवर एक ठिपकासुद्धा पडला नाही. मला वाटलं उन्हानं थकली. पुढच्या आठ दिवसांत तिनं अंघोळ सोडली, मग जेवण, मग बोलणं. तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की हे नैराश्य आहे, जोडीला काळजीचा आजार आहे, गोळ्यांनी उतरेल. उतरलंही. झोप आली, भूक आली, रडणं थांबलं. चित्र मात्र आलं नाही.

तिचं म्हणणं एकच, की चित्र गोळ्यांनी खाल्लं. दोनदा तिनं मला न सांगता गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या वेळी मी घरातली फवारणीची सगळी औषधं शेजाऱ्याकडे नेऊन ठेवली. आजही ती तिथंच आहेत. आमच्या दीड एकराला लागतील तेव्हा मागून आणतो आणि उरलेली त्याच दिवशी परत करतो. यंदा आषाढात ती म्हणाली, “दिवाळी झाली की मी गोळ्या सोडनार. चित्राबिगर जगून काय करू?” तिसरी वेळ कशी जाईल, याचा हिशोब माझ्याकडे नव्हता.

म्हणून डॉक्टरांनी त्या संशोधनाचं सांगितलं तेव्हा ती लगेच तयार झाली, याचं मला आश्चर्य वाटलं. उदासी आणि काळजी असलेल्या माणसांचे, त्यातही चित्र, गाणं, विणकाम असं काही करणाऱ्यांचे मेंदूचे फोटो घ्यायचे होते. ताडून पाहायला त्याच वयाची निरोगी माणसंही हवी होती. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “हे आहेत की.” मी हो म्हटलं. बायको आजारी म्हणजे मी निरोगी, असं मी धरूनच चाललो होतो. घरात माणसं दोनच.

मुलगी पंचविशीतली होती, आम्हाला काका-काकू म्हणायची. तिनं समजावून सांगितलं. नळीसारख्या यंत्रात झोपायचं, हलायचं नाही. डोक्याचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त जातं, ते यंत्राला कळतं. विचार दिसत नाहीत. आत पडद्यावर एखादी वस्तू दाखवतात आणि तिचे नवे नवे उपयोग मनात आणायचे असतात.

“सराव करू या,” ती म्हणाली. “वीट. काका, विटेचे उपयोग सांगा.”

मी म्हटलं, “भिंत बांधायला. कपाटाच्या पायाखाली लावायला.” पुढं काही सुचेना.

“आणि देवाला उभं राहायला,” डॉक्टर म्हणाले.

मुलगी हसली. “ते सगळेच सांगतात, सर. म्हणून ते नवं धरत नाही.”

बायकोनं विटेचं सोडून दिलं. तिनं एकच विचारलं. “बाई, मला येक सांग. त्या फोटोत दिसन का, माज्या डोक्यात चित्र हाय का मेलं?”

मुलीनं हातातलं पेन खाली ठेवलं, हे मला आवडलं. मग म्हणाली, “काकू, एका माणसाच्या फोटोवरून ते सांगता येत नाही. पुष्कळ माणसांचे एकत्र करून सरासरी काढतात. आणि गोळ्यांचा चित्र सुचण्यावर काय परिणाम होतो, हे आम्हालाही पक्कं माहीत नाही. माहीत असतं तर मी इथं आले नसते. पण गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.”

बायकोनं मान हलवली. ती पटल्याची मान नव्हती. फोटो पाहिल्यावर बघू, अशी होती.

मग माझा फॉर्म निघाला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झोप लागली नाही, किती दिवस कशातच मन लागलं नाही, असे प्रश्न. मी अडलो. म्हटलं, “याचं टिपण माझ्याकडे नाही.”

“अंदाजे सांगा ना काका.”

“अंदाजे कसं सांगू? उद्या तुम्ही त्याची सरासरी काढणार.”

डॉक्टर हसायला लागले. मी चौदा दिवस मागून घेतले. टिपण ठेवतो, फोटोच्या दिवशी फॉर्म भरतो, असं ठरलं. “असा स्वयंसेवक मला पहिल्यांदाच मिळाला,” असं म्हणत मुलीनं पाचशे रुपये पुढं केले.

टिपण मला नवं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच बायकोची झोप आणि जेवण लिहून ठेवायला सांगितलं होतं. मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. झोप किती तास, पोळ्या किती, रडणं किती वेळा, जिवाचं काही बोलली का. पुढं मी आपल्या मनानं एक रकाना वाढवला, दिवसभरात बोललेली वाक्यं. सध्या दिवसाला दहा-अकरा भरायची, त्यातली सात जेवणाबद्दल. ‘मीठ बघा’ हे मी वाक्य धरायचो. ही वही तिला माहीत नव्हती. माझ्या स्वतःसाठी मी त्याच वहीची मागची पानं उलटी करून घेतली, तेच रकाने आखले आणि फॉर्ममधले मन न लागणं, थकवा हे दोन वाढवले.

पहिल्या दिवशी झोप तीन तास पन्नास मिनिटं. मी म्हटलं, नवं अंथरूण असेल. मग आठवलं, अंथरूण जुनंच आहे. दुसऱ्या दिवशी तीन तास वीस. इतके दिवस मी तिच्या झोपेची नोंद करत होतो, तर ती नोंदायला मी जागा असणार, हे मला कधी सुचलं नव्हतं.

यार्डात तेव्हा आवक कमी होती. माझी वाक्यं मोजताना मी काट्यावर पुकारलेले आकडे सोडून दिले, कारण ते बोलणं नव्हे, काम आहे. तिसऱ्या दिवशी चार वाक्यं झाली. पाचव्या दिवशी दोन. त्यातलं एक चहावाल्याला, ‘साखर कमी’. डबा मी काट्याच्या मागं, बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, थप्पीला टेकून खातो. किती वर्षं एकटा खातो ते मोजायला बसलो आणि सोडून दिलं.

आमच्याकडे एक जुना हमाल आहे, जिभेला हाड नसलेला. सातव्या दिवशी वहीत लिहिताना त्यानं पाहिलं.

“काय लिहून राहिले काटेवाले? उधारी व्हय?”

“नाही. झोप.”

“झोप? झोपंचाबी काटा करता का तुमी? मंग माजी धरा, येक क्विंटल.” बाकीचे हसले. मग तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, राग न्हाई ना? पर तुमी पह्यले आमच्या संगं जेवायचे. काहून सोडलं?”

मी म्हटलं, “काम असतं.” त्या दिवशीचं ते तिसरं वाक्य होतं, आणि खोटं होतं.

चौदा दिवस पुरे झाले. सकाळच्या एस.टी.नं आम्ही शहरात गेलो. रुग्णालयात दोघांच्या दोन वाटा झाल्या. बायकोला अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र निघालं, कानातलं निघालं. जोडवी निघेनात. नर्सनं साबण लावला तेव्हा एक सुटलं, दुसऱ्याला वेळ लागला. सगळं तिनं माझ्या ओंजळीत ठेवलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, इतक्या काळात ते सगळं एकत्र माझ्या हातात कधी आलं नव्हतं. वजन फार कमी भरलं. ती निळा झगा घालून आत गेली, वळून बघितलं नाही. दार लागलं आणि आतून यंत्राचा आवाज सुरू झाला.

मुलीनं मला शेजारच्या खोलीत बसवून फॉर्म काढला. मी वही उघडली आणि एकेक आकडा सांगत गेलो. झोप न लागणं, चौदापैकी चौदा. मन न लागणं, बारा. थकवा, तेरा. ती लिहिता लिहिता थांबत होती. शेवटचा प्रश्न तिनं वाचला, की मरून जावं, आपण नसलो तर बरं, असं किती दिवस वाटलं.

मी म्हटलं, “त्याचा रकाना नाही.”

तिनं वही आपल्याकडे ओढली. ओढताना वही पालथी झाली आणि पुढच्या पानांवरचा बायकोचा तक्ता समोर आला. त्यात तो रकाना होता. माझ्या तक्त्यात मी तो आखलाच नव्हता. बाकी सगळे रकाने तसेच उतरवले होते.

“काका,” ती म्हणाली, “वही बंद करू. अंदाजे सांगा.”

मंगळसूत्र माझ्या मुठीत होतं. मी वही मिटली. मग सांगितलं, “दोन दिवस.”

ती उठून तिच्या मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. ते अर्धा तास माझ्याशी बोलले. फवारणीची औषधं कुठं आहेत हेही विचारलं. शेजाऱ्याकडे, म्हटल्यावर म्हणाले, “तिथंच राहू द्या.” फॉर्मवरून निदान ठरत नाही, पण हिंगोलीच्या डॉक्टरांना या आठवड्यात दाखवा, मी फोन करतो, असं ते म्हणाले. निरोगी गटात मला घेता येणार नव्हतं.

मी खिशातून पाचशे रुपये काढले. त्याच पाच नोटा होत्या. मुलगी म्हणाली, “ते परत घेत नाहीत काका. तुमचा दिवस बुडाला त्याचे आहेत.”

“पावतीवर निरोगी लिहिलंय. सही माझी आहे.”

“राहू द्या ना.”

“खोट्या पट्टीवर मी सही ठेवत नाही.”

शेवटी तिनं फाइलमधून पावती काढली, ‘निरोगी’ शब्दावर आडवी रेघ मारली आणि बाजूला तिची छोटी सही केली. मीही केली. नोटा परत खिशात ठेवल्या. रेघ तिनं पट्टी न लावता मारली होती, थोडी वाकडी होती. मी ती तशीच चालवून घेतली.

बायको बाहेर आली ती डोळे चोळत. जोडवी घालताना म्हणाली, “हळद पॉलिश करायच्या डरमात घातल्यावानी वाटलं.” मग मुलीकडे वळून तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. दिसलं का?

मुलीनं तिला संगणकावर तिच्या मेंदूची करडी आकृती दाखवली. “हा तुमचा, काकू. पण चित्र आहे की नाही ते यात दिसत नाही. मी तेव्हाही सांगितलं होतं.”

बायको ती आकृती बघत राहिली. “कोबीच हाय की,” एवढंच म्हणाली. तिच्या पावतीवर पंधराशे रुपये होते. ते तिनं स्वतः घेतले, न मोजता पिशवीत टाकले. मला त्यांची काही किंमत वाटेना. ज्यासाठी आली होती ते उत्तर मिळालं नव्हतं आणि दिवाळी दीड महिन्यावर होती.

परतीच्या एस.टी.त आम्हाला मागची सीट मिळाली. तासभर ती खिडकीबाहेर बघत होती. मग आपणहून बोलली.

“आत वीटच दाखवली. येवढं शिकून त्यायला दुसरं काई सापडलं न्हाई.”

“मग काय सांगितलंस?”

“सांगायचं कुठं व्हतं? मनात आणायचं. आलं तसं आनलं. तापवून फडक्यात गुंडाळून पाठ शेकायला. टाचा घासायला. भुकटी करून पितळंची भांडी. त्याच भुकटीत पानी घालून भितीवर लाल रंग. ब्रश पुरत न्हाई तवा वर उभं राह्याला.” ती थांबली. “आन् येक वीट तुमच्या छातीवर हायेच. ती नवीन धरतेत का, इच्यारायचं राह्यलं.”

मी सवयीनं वाक्यं मोजत होतो, दिवसाची बेरीज पंधराच्या वर गेली होती.

“तुमाला काहून न्हाई घातलं नळीत?”

“बसलो नाही त्यांच्या हिशोबात.”

“काहून?”

पिशवी तिच्या मांडीवर होती, आणि रुग्णालयातून निघताना वही मी चुकून तिच्यातच टाकली होती. तिनं वही काढली, मी नको म्हणायच्या आत. आधी पुढची पानं निघाली. तिनं ती उलटून पाहिली, पुष्कळ पाहिली. “माजी वाक्यं मोजता तुमी?” आवाज इतका चढला की पुढच्या सीटवरची बाई वळली. “तीन वर्सं? मीठ बघा, हे बी लिवलं? मी काय पोतं हाय का काट्यावरचं?”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं.”

“वाक्यं मोजा म्हनून सांगितलं व्हतं?”

“नाही. ते मी वाढवलं.”

“मोजन्यापरीस दोन बोलले असते.”

तिनं वही पालथी केली आणि मागची पानं उघडली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. “हे कोन्त्या वर्साचं? बत्तिसाव्या शाळंनंतरचं दिसतं. तवा मी अशीच व्हते.”

मी म्हटलं, “ते माझं आहे. ह्या महिन्याचं.”

ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. कळमनुरी येईपर्यंत तिनं वही मिटली नाही. मग विचारलं, “अन् ह्यो रकाना काहून न्हाई?” तिनं बोट ठेवलं तिथं दोन रेघांच्या मधे मोकळी जागासुद्धा नव्हती. तरी तिला कळलं. तिच्या तक्त्यात तो कुठं होता ते ती मघाशीच बघून आली होती.

“दोन दिवस,” मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला नाही. आमच्याकडे एस.टी.त तसं करत नाहीत. तिनं वही पिशवीत घातली, पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, “फवारनीचं शेजाऱ्याकडंच राहू द्या.” थोड्या वेळानं म्हणाली, “डाक्टरकडं कवा जायचं?”

“बघू. आवक—”

“आवक मरू द्या. परवा जायचं. तुमाला गोळ्या दिल्या तं तुमी घ्यायच्या, मी मोजून देईन. तुमी जवर घेता तवर मी घेते. तुमी सोडल्या त्या दिवशी मी सोडनार.”

“आणि चित्र?”

“चित्राचं मंग पाहू. आधी घरात मानूस पायजे.”

दोन दिवसांनी, शनिवारी, आम्ही हिंगोलीला गेलो. हजर माणसं तीन, डॉक्टर, बायको आणि मी. त्या दिवशी माझ्या खुर्चीवर ती बसली आणि तिच्या खुर्चीवर मी. डॉक्टरांनी जे विचारलं त्यातलं पुष्कळ तिनंच सांगितलं. मला एक गोळी सकाळी, एक रात्री लिहून दिली.

त्यानंतर दिवाळी येऊन गेली. तिनं गोळ्या सोडल्या नाहीत. कनेरगाव नाक्याजवळच्या भिंतीवर माझी नऊ वर्तुळं अजून तशीच आहेत, चित्र काढलेलं नाही. वही आता तिच्याकडे असते. डबा मी हमालांबरोबर खातो. सगळेच दिवस नाही.

त्या शनिवारी डॉक्टरांची फी चारशे रुपये झाली होती. मी खिशात हात घातला, तेवढ्यात तिनं आपल्या पंधराशेतून पाचशेची नोट काढून काउंटरवरच्या मुलीला दिली आणि शंभर परत घेतले. पावती माझ्या नावाची होती. ती तिनं वाचली, बराबर आहे म्हणाली आणि आपल्या पिशवीत ठेवली.